कोऱ्या बाटलीतलं पाणी

२ एप्रिल २०२४, मंगळवार

आज टँकर सकाळी साडेसहालाच आला. सर्जेराव टँकरवाला हॉर्न असा वाजवतो की वाटावं वरात आली. सगळी गल्ली ड्रम, नळ्या, कळश्या घेऊन बाहेर.

हिशोबाच्या वहीत पुढून दूध-भाजी लिहिते. मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. कागद वाया जातो. म्हणून यंदा मागून उलटं हे माझं स्वतःचं लिहायचं ठरवलंय. ह्यांना कळलं तर म्हणतील, आशाबाईंच्या मॅट्रिकला चाळीस वर्षांनी पालवी फुटली.

आमची कॉलनी शहराच्या कडेला, पैठण रस्त्याकडच्या सातारा डोंगराच्या पायथ्याशी. घरं दर दिवाळीला दहा वाढतात, महापालिकेचा नळ मात्र अजून नकाशातच आहे. कॉलनीच्या बोअरचं पाणी खारं, डाळ शिजत नाही. गेल्या वर्षी टँकरनं गढूळ पाणी यायला लागलं तेव्हा मीच सर्जेरावला माझ्या धाकट्या भावाची विहीर दाखवली. मुंजाबाची विहीर पैठण रस्त्यापासून आत, आमच्या गावात. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या, पण हिला खंडोबाच्या कृपेनं अजून आठ हात पाणी आहे. आता चाळीस घरं माझ्या शब्दावर ते पाणी पितात.

कळशी भरता भरता समोरची चतुराबाई म्हणाली, “तुमच्या माहेरचं पाणी लई गोड बरं का. तुमच्यावर काई गेलं नाय.”

मी म्हणाले, “तरी दोन कळश्या जास्तच भरता!”

वरच्या खोलीत श्रेया भाड्यानं राहते. सोयगावची पोरगी, पाण्यावर पीएच.डी. करते. तिनं संध्याकाळी विचारलं, “मावशी, तुमच्या कॉलनीचं पाणी मी तपासू का?” तिला एक रसायन शोधायचंय. नाव इतकं लांब की म्हणता म्हणता तहान लागावी. पीफास म्हणतात थोडक्यात. न चिकटणाऱ्या तव्यावर, रेनकोटावर ते असतं. पाणी धरत नाही, तेल धरत नाही, मातीत कुजत नाही, आणि अंगात गेलं तर वर्षानुवर्षं निघत नाही. उकळलं तरी मरत नाही.

“म्हणजे अश्वत्थामाच की,” मी म्हणाले. “पण अश्वत्थामा निदान तेल तरी मागतो.”

श्रेया इतकी हसली की तिचा चहा सांडला. मी म्हटलं, तपास बाई खुशाल. गोडच निघणार.

५ एप्रिल, शुक्रवार

श्रेयानं उद्याचे नियम सांगितले. नवी साडी नको, निदान सहा-सात वेळा धुतलेली सुती हवी. धुताना सुवासाचं पाणी नको. हाताला क्रीम नको, ओठाला काही नको. ज्या नळाच्या आट्यांना प्लंबरनं पांढरी पट्टी गुंडाळलीय त्या नळाचं पाणी नको, कारण ती पट्टीसुद्धा त्याच जातीची. बाटलीचं झाकण खाली ठेवायचं नाही. बाटलीच्या आत श्वाससुद्धा सोडायचा नाही.

चंपाषष्ठीला सासूबाई तळी भरायच्या तेव्हा घरात मुंगीसुद्धा आंघोळ करून फिरायची. पण श्रेयाचं सोवळं त्याहून कडक. मला फार आवडलं. उगाच म्हणतात शिकलेली पोरं काही पाळत नाहीत.

चतुराबाई मदतीला येते म्हणाली. तिला विचारलं, हाताला काय लावता? तर गुलाबाचं क्रीम. स्वयंपाक कशात? मुलानं दिलेल्या न चिकटणाऱ्या भांड्यांत. बाद! मी पहिल्या फेरीत पास. माझा तवा बिडाचा, साडी बारा वर्षांची, आणि क्रीम मी लग्नातही लावलं नव्हतं. काटकसर अशी कधीतरी उपयोगी पडते.

६ एप्रिल, शनिवार

श्रेयाच्या स्कूटीवर माहेरी जाऊन आले. रस्त्यानं दोन्हीकडं नुसते प्लॉटचे खांब आणि फलक. आम्ही लहानपणी मेंढरं चारायचो त्या माळावर आता सिमेंटचा रस्ता आहे, त्यावर माणूस नाही आणि मेंढरूही नाही.

मुंजाबा विहिरीवरच होता. “व्हय बाई, तपास की! माझी विहीर काय कुणाला भिती का?” श्रेयानं हातमोजे घालून बाटली भरली. तो म्हणाला, “डॉक्टरीणबाई, नाडी बी बघा तिची.”

यंदा त्यांचं बरं चाललंय. लग्न झाल्यापासून माझ्या भावजयीनं, बानाबाईनं, एकही उन्हाळा घरी काढला नव्हता. मेंढरांमागं चार-चार महिने रानोमाळ, पोरं पाठीशी बांधून. टँकर सुरू झाल्यापासून मेंढरं विकून शेळ्या घेतल्या आणि यंदा पहिल्यांदा ती उन्हाळ्यात स्वतःच्या छपराखाली आहे. दारापुढं वृंदावन बांधलंय. मला दाखवताना लाजत होती, जणू नवी नवरी.

गोठ्यावर मुंजाबानं निळी ताडपत्री घातलीय. त्यानं तांब्याभर पाणी तिच्यावर ओतून दाखवलं. मोत्यासारखे थेंब घरंगळले, एक टिपूस चिकटला नाही. शेजारच्या शेतात दोन वर्षं कुणी शेड टाकून कापडाला असला लेप देत होते. मग एका आठवड्यात सगळं उचलून गेले. जाताना ही ताडपत्री फुकट देऊन गेले. श्रेयानं तीनदा विचारलं, शेड कुठं होतं, सांडपाणी कुठं जायचं. विहिरीपासून पावलं मोजली. ताडपत्रीचे फोटोही काढले. तिला फारच आवडलेली दिसते. सोयगावला तिच्या वडिलांना हवी असेल.

घरी येऊन टँकरचं आणि बोअरचं पाणीही घेतलं. पेटीत एक बाटली आधीच भरलेली होती, लेबलावर ‘ब्लँक’. म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, “कोरी. लॅबचं पाणी आहे, मावशी. जगातलं सगळ्यात शुद्ध. विहिरीवर उघडून झाकलं मी, तुम्ही बघितलं ना? तिला हात नका लावू.” कुरिअर सोमवारी. तोवर पेटी आमच्या फ्रिजमध्ये. कोथिंबीर बाहेर काढून ठेवावी लागली.

७ एप्रिल, रविवार

आज फार समाधान वाटतंय.

सकाळी खंडोबाच्या अभिषेकाला तांब्या घेतला आणि मनात आलं, जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी घरात असताना देवाला टँकरचं घालायचं? श्रेया पहाटेच मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली होती. तिला विचारायला हवं होतं, पण बारापर्यंत देव पारोसा कसा ठेवायचा?

मी सगळं पाळलं. आंघोळ केली, जुनी सुती साडी, हाताला काही नाही. झाकण खाली ठेवलं नाही, दातात धरावं म्हटलं पण तेही बरं नाही, म्हणून डाव्या हातात धरलं. श्वास रोखला. पेलाभरच पाणी होतं. पितळी टाकावर घातलं आणि टाक काय लखलखला! डोळे भरून आले.

आता कुणाचं भांडं रिकामं परत करू नये ही आमच्या आईची शिकवण. शेजारणीची वाटी आली तर चिमूटभर साखर घालून परत द्यायची. बाटली रिकामी कशी ठेवणार? घरातलं सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे मुंजाबाच्या विहिरीचं. देवापुढच्या तांब्याच्या घागरीतलं घेतलं, खुणेपर्यंत बरोब्बर भरलं, थेंब कमी नाही की जास्त नाही. झाकण घट्ट. कुणाचं काही ठेवून घेतलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी उभारली. पेटी काल गेली. कडुलिंब खाताना ह्यांनी दरवर्षीसारखंच तोंड केलं. कोथिंबीर सुकून गेली, चटणी केली.

२२ एप्रिल, सोमवार

टँकर आता एक दिवसाआड. रांगेत भांडणं. काल चतुराबाईची कळशी कुणी तरी पुढं सरकवली तर तिनं त्याच्या सात पिढ्या मोजल्या, आणि पिढ्या संपल्यावर तिला कळलं की सरकवणारा तिचाच नवरा होता.

मुंजाबाचा फोन आला. घराला पक्की भिंत घालायची म्हणतो. बानाबाई मागून ओरडली, “आक्काला म्हणा, खिडकी कुठं ठेवू ते सांग!”

२ मे, गुरुवार

निकाल आला. श्रेया जिन्यात बसून होती. मी पोह्यांची ताटली घेऊन गेले तर घेईना.

“मावशी, विहिरीचं पाणी एकसष्ट आलंय. टँकरचंही साठच्या आसपास. तुमच्या बोअरचं दोन.”

“एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास की!”

“इथं मार्क जास्त म्हणजे नापास.”

एक लाख कोटी थेंबांत एकसष्ट थेंब, असा हिशोब आहे. एकावर बारा शून्यं. मी तिला म्हणाले, अगं एवढ्यात तर उंट हरवेल. ती म्हणाली, अमेरिकेत गेल्याच महिन्यात ह्यातल्या मुख्य रसायनाला चारची मर्यादा घातली. आपल्याकडं अजून ठरलेली नाही. रोज, वर्षानुवर्षं प्यायचं पाणी आहे, म्हणून थोडंही मोजायचं.

मी पोह्यांची ताटली पायरीवर ठेवली. चाळीस घरं. आणि बानाबाईची खिडकी.

मग ती म्हणाली, “पण ह्याला आता काहीच अर्थ नाही. ब्लँक अठ्ठावन्न आलीय. माझे गाइड सर म्हणतात ह्या खेपेचे सगळे नमुने रद्द.”

“म्हणजे विहीर सुटली?”

“विहीर नाही सुटली, मावशी. मी अडकले.”

मला मनातून फार बरं वाटलं. पोरीची बाटलीच घाणेरडी निघाली म्हणायची. बिचारीला वाईट वाटू नये म्हणून मी चेहरा पाडून ठेवला. देवापुढं मात्र नारळ फोडला.

३ मे, शुक्रवार

सर्जेरावला चतुराबाईनं सांगितलं, त्यानं टँकरवरून सगळ्या गल्लीला. “पीएच.डी.वाल्या ताई फेल झाल्या! पियो, बिनधास्त पियो!” श्रेया गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं.

दुपारी मी तिला सहज विचारलं, ती कोरी बाटली नेमकी कशासाठी असते गं?

ती म्हणाली, “आपणच केलेली घाण पकडायला. तिच्यात काहीच नसतं. बाकीच्या बाटल्यांबरोबर ती सगळीकडं फिरते, तोच हात, तीच पेटी. शेवटी तिच्यात काही निघालं तर समजायचं की ते पाण्यातलं नाही, आपल्या हातातलं आहे. मग बाकीच्या बाटल्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मला एकच कळत नाही, मावशी. माझे हात घाण असते तर बोअरचं पाणी दोनच कसं आलं? कोऱ्या पाण्यात अठ्ठावन्न आले कुठून?”

गॅसवर दूध आहे. पुढं लिहवत नाही.

५ मे, रविवार

काल वही उघडली आणि मिटली.

आज सातारा गावातल्या खंडोबाला चालत गेले. म्हटलं देवा, पाणी तुला वाहिलं, चोरलं नाही. भरूनही दिलं. माझं चुकलं कुठं? पुजाऱ्यानं भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाला, बाई पुढं सरका, मागं रांग आहे.

मी बोलले नाही तर कुणालाच कळणार नाही. विहीर चालेल, भिंत होईल, खिडकी पूर्वेला ठेवायची मी सांगून बसलेय. पोरीचं काय, वय लहान आहे, दुसरा विषय घेईल. साठच थेंब, बारा शून्यं. सगळं आयुष्य आम्ही तेच पाणी प्यालो, काय झालं?

पण शेड तर पाच वर्षांपूर्वी आलं. सगळं आयुष्य कुठं?

संध्याकाळी श्रेयाच्या आईचा फोन स्पीकरवर होता. “सर नाय म्हणायलेत तं बास कर आता. स्थळं येऊन परत चाललीत.” वर श्रेयाच्या खोलीतून पुस्तकं खोक्यात भरल्याचा आवाज येत होता. चतुराबाईची नात आमच्या ओसरीवर दुधाची बाटली तोंडाला लावून बसली होती. पावडरीचं दूध. ते कशात कालवतात ते मला माहीत आहे.

ह्यांना सांगितलं. हे कंपनीत पस्तीस वर्षं फिटर होते. ऐकून म्हणाले, “मोजायचं गेज बिघडलं की माणूस गेजला शिव्या देतो. तू गेज बिघडवलंस.” आणि कूस बदलून झोपले. एवढंच. मला वाटलं होतं, माझी बाजू घेतील.

६ मे, सोमवार

सांगितलं.

श्रेयानं हातातलं पुस्तक खोक्यावर ठेवलं. मग हसायला लागली. मग रडायला लागली. मग मधेच थांबून डोळे पुसून पेन घेतलं आणि पोलिसासारखी प्रश्न विचारायला लागली. किती वाजता? पाणी कशातून ओतलं? घागरीत ते कुठून आलं, टँकरमधून की थेट विहिरीतून? हात कशानं धुतले?

“राखेनं.”

“मावशी, तुम्ही देवाला ब्लँक वाहिली!”

“आणि भरून ठेवली,” मी म्हणाले. “चोरी नाही केली.”

“भरून ठेवली म्हणूनच तर! रिकामी ठेवली असती तर मला तेव्हाच कळलं असतं.”

आईची शिकवण अशी उलटेल असं वाटलं नव्हतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे अठ्ठावन्न ही ब्लँक नाहीच. तो विहिरीचाच दुसरा नमुना आहे. एकसष्ट, आणि अठ्ठावन्न.” माझ्याकडं बघून ती थांबली. तिलाही मुंजाबा आठवला असणार. मग मी भावाच्या विहिरीविरुद्ध दोनदा साक्ष दिली म्हणायची. एकदा न कळता, एकदा कळून.

सरांसाठी माझ्या अक्षरात जबानी लिहून दिली. दीड पान. श्रेया म्हणाली, अभिषेकाचं एवढं सविस्तर नको. मी म्हणाले, राहू दे. खोटं वाटायला नको.

१० मे, शुक्रवार, आखिती

सरांनी लॅबला विनवून फक्त चार बाटल्यांची सोय केली. परवा पुन्हा गेलो. मुंजाबा म्हणाला, “परत? नापास झाली का काय माझी विहीर?” श्रेया म्हणाली, मागच्या वेळी पेपरच फुटला होता, मामा. मी माझ्या पायाकडं बघत उभी राहिले. कोरी बाटली ह्या वेळी श्रेयानं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

आज पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर दान द्यायची. बोअरच्या पाण्यानं भरली. चतुराबाई म्हणाली, “पितरांना खारं?” म्हटलं, त्यांना डाळ थोडीच शिजवायचीय.

कॉलनीला मात्र स्पष्ट सांगितलं, निकाल येईपर्यंत प्यायला आणि लेकरांच्या दुधाला बोअरचं घ्या. निम्म्यांनी ऐकलं. निम्मे म्हणाले, आशाबाई आणि तिच्या भावाचं भांडण झालंय.

२९ मे, बुधवार

विहीर एकोणसाठ. कोऱ्या बाटलीत काही नाही. बोअर दोन.

श्रेयाच्या सरांनी फोनवर माझ्याशी बोलायचं म्हटलं. म्हणाले, “ताई, एवढी प्रामाणिक जबानी मी पाहिली नाही.” मी म्हणाले, सर, विहिरीचं करायचं काय? तर म्हणाले, कोळशाचे मोठे फिल्टर असतात, महाग असतात. अहवाल सरकारी कचेरीत देऊ. शेतीला पाणी वापरायचं की नाही तेही बघावं लागेल. त्यांच्या आवाजावरून वाटलं, ह्यातलं काही लवकर होणार नाही.

श्रेया म्हणाली, मी येते मामांना सांगायला. मी म्हणाले, नको. विहीर मी दाखवली होती. आकडाही माझ्याच तोंडून जाऊ दे.

३१ मे, शुक्रवार

एकटीच एसटीनं गेले. फाट्यापासून दीड मैल चालत. ऊन असं की सावलीलाही चटके. ओसरीत टेकते तोच बानाबाई गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्याला बाहेरून थेंब सुटले होते. घशाला नुसता काटा पडला होता माझ्या.

मी तांब्या खाली ठेवला.

“घ्या की आक्का,” बाना म्हणाली. “तोंड बघा कसं झालंय.”

“आधी ऐका दोघंही.”

सगळं सांगितलं. एकसष्ट, अठ्ठावन्न, एकोणसाठ. शेडचं सांगितलं. अभिषेकाचंही सांगितलं. मुंजाबा विडीची राख झाडत ऐकत होता. माझं सांगून संपलं. तशी बाना उठली. “मी चा टाकते.”

“चहा त्याच पाण्याचा गं. उकळून जात नाही ते.”

“मग दूध काढते शेळीचं.”

“शेळ्या कुठलं पाणी पितात?”

बाना मटकन खाली बसली. मुंजाबानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तांब्याकडं, आणि त्याला हसू फुटलं. “वा रं माहेर! बहीण आली उन्हाची, अन् पाणी नाय, चा नाय, दूध नाय. गूळ तरी खा, आक्का. का त्यात बी हाय?”

मी गूळ खाल्ला. कोरड्या तोंडात विरघळता विरघळेना. आम्ही तिघंही हसलो आणि हसता हसता बाना डोळ्याला पदर लावून आत गेली. वृंदावनापाशी विटा रचून ठेवल्या होत्या.

थोड्या वेळानं मुंजाबा म्हणाला, “सर्जेरावाला मोटार जळली म्हून सांगतो. उगं बोभाटा कशाला?”

“मोटार जळली म्हणालास तर पाऊस पडून शेजारची विहीर भरली की तो तिला पाइप लावील. शेड तिलाही तेवढंच जवळ होतं.”

त्यानं विडी विझवली. एवढ्यात हॉर्न वाजला, तोच वरातीचा. सर्जेराव टँकरमधून उतरला, घामानं निथळत सरळ ओसरीत आला आणि सवयीनं त्यानं तांब्या उचलला. तोंडाला लावणार तोच मुंजाबानं त्याचं मनगट धरलं.

“पिऊ नगं.”

“का हो? विष घातलंय का?”

“तसंच काही तरी. कळलंय आता. आजपासून भरायचं नाय.”

सर्जेराव हसला, मग मला बघून हसायचा थांबला. “म्हंजी त्या ताई खऱ्याच? अन् वरीसभर म्या हे पाणी पाजलं ते कुणाला?”

“माझ्या बहिणीला,” मुंजाबा म्हणाला.

सर्जेरावनं बराच वाद घातला. दुसरं पाणी आणू कुठून, लोक मला तुडवतील, कागद कुठंय, सरकारचा शिक्का कुठंय. मुंजाबानं मोटारीच्या पेटीतले फ्यूज काढले, धोतराच्या सोग्यात बांधले आणि खाली बसून राहिला. टँकर रिकामाच गेला. रिकामा टँकर खडखडत जातो तो आवाज मला माहीत नव्हता.

मग मुंजाबा गोठ्यात गेला आणि एक डबा घेऊन आला. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग. मेंढरं गेली तरी अर्धा डबा उरला होता. म्हणाला, “चल, लिही विहिरीवर. तू मॅट्रिक हायेस.”

ब्रश नव्हता. काडीला चिंधी गुंडाळली. विहिरीच्या कठड्यावर, रस्त्यानं येणाऱ्याला दिसेल अशा बाजूला लिहायला घेतलं. आयुष्यात वहीबाहेर मी कधी काही लिहिलं नव्हतं. अक्षरं फार मोठी झाली. ‘हे पाणी पिऊ’ एवढ्यातच दगड संपला आणि ‘नये’ खाली लिहावं लागलं. मुंजाबानं लांबून बघितलं. “वरचंच वाचून कुणी प्यायला तं? खालचं मोठं कर.” मग ‘नये’ दुप्पट मोठं केलं.

चिंधी टाकणार तेवढ्यात तो म्हणाला, “खाली नाव टाक.”

“कुणाचं? श्रेयाचं? तिनं शोधलं म्हणून?”

“तिचं कशाला. माझं टाक. दुसऱ्या कुणाचं टाकलं तं लोक म्हणतील, जळतंय म्हून लिवलं. धन्याचं नाव असलं म्हंजी कुणी शंका घेत नाय.”

मी लिहायला लागले आणि चिंधीला रंग जास्त झाला म्हणून ‘मुं’वरचा अनुस्वार ओघळून खाली आला. पुसायला गेले तर तो म्हणाला, राहू दे. बाना दारात उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, “काय लिवलं, आक्का?” मी वाचून दाखवलं, नावासकट. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “नाव बरोब्बर मधोमध आलंय.”